थांबण्याची अट

किल्ल्या करून देणाऱ्यानं घासायचं यंत्र बंद केलं, कपाळावरची धूळ मनगटानं पुसली आणि समोर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला सोडून तिला विचारलं, "काकू, काका काय म्हणतायत?"

"मागच्या दाराच्या दोन हव्यात," ती म्हणाली. "जुन्या किल्लीचा एक दात झिजलाय, तेवढा जरा बघून करा."

सांगून झालं आणि मग तिला धक्का बसला. यंत्र तर केव्हाच थांबलं होतं. रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांची नुसती घरघर होती. दुकानदार चांगला तरणा माणूस, कानांनी धडधाकट, पलीकडच्या चहावाल्याशी इथूनच गप्पा मारणारा. नवरा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा त्यानं मान तिरकी करून नुसतं "आँ?" केलं होतं. तिला मात्र सगळं कळलं होतं. झिजलेल्या दातासकट. आणि तिथंच उभी असताना, दुकानात टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्यांकडे बघत असताना, तिच्या मनात आलं की आपल्याला ते ऐकू आलं होतं का? की हे काय म्हणणार ते आपल्याला आधीच ठाऊक होतं? तिनं त्याचा आवाज आठवून पाहिला, आत्ताचा, दोन मिनिटांपूर्वीचा. ओठ आठवले. बोटांत धरलेली किल्ली आठवली. आवाज आठवेना. नवरा तिच्याकडे बघत होता. रागानं नव्हे. रांगेत आपला नंबर लागायच्या आत दुसऱ्यानंच आपलं काम उरकून टाकावं आणि त्याला आभारही मानता येऊ नयेत, रागावताही येऊ नये, तसा.

"तुला उशीर होईल," तो म्हणाला. किंवा तसं काहीतरी. तिनं मान हलवली आणि ती कॉलेजच्या बसकडे वळली. वळल्यावर एकदा मागं बघितलं तर तो दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि पायरी उतरण्याआधी चपलेनं तिची कड चाचपत होता. हे तो पूर्वीपासून करतो, तिनं स्वतःला सांगितलं. आणि बसमध्ये बसल्यावर विचारलं, पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून?

तिची स्वतःचीच हयात हळू बोलण्यात गेली होती. माहेरी बाबा जेवताना म्हणायचे, "हिला मीठ हवं असेल तर कुणीतरी हिच्या तोंडाकडे बघत राहा." कॉलेजात मुलं तिला 'हळू मॅडम' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट थोडं बरंच वाटे, कारण तिच्या तासाला मुलं न सांगता पुढच्या खुर्च्या धरत. हळू बोलणाऱ्या माणसाभोवती लोक आपोआप वाकतात, खिडक्या लावून घेतात, पंखा कमी करतात, आणि आपण हे करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यात तिचा नेम. पहाटे उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम होता तो, बाळंतपणात चुकला नाही, आजारपणात चुकला नाही. सकाळचं घर त्यामुळे मुकंच असे. नवरा सुरुवातीला त्या मुक्या वेळातही तिच्याशी बोलत राही, उत्तराची वाट न बघता, दाढी करताना, बूट पुसताना, सगळ्या घरभर त्याचा आवाज फिरत राही. "तू गप्प राहा, तुझ्या वाटचं मी बोलतो," म्हणायचा. ते बोलणं कधी बंद पडलं?

बस वळली आणि ती खिडकीच्या दांडीवर आपटली. लागलं नाही. पण तेवढ्यात लेक आठवली. लेक दूरच्या शहरात, सुटीला वर्षातून एकदा येणारी. परवाच तिचा फोन आला होता. "आई, बाबा फोन लांब धरतात का गं? का स्पीकरवर असतं? मला काही कळतच नाही ते काय म्हणतात." तिनं सांगितलं होतं, "अगं, आमचा फोन जुना झालाय." खोटं नव्हतं बोलली ती, फोन जुना झालाच होता. पण तिचं बोलणं त्याच फोनवरून लेकीला स्वच्छ ऐकू जात होतं. हळू मॅडमचं.

प्रयोगशाळेत नेहमीसारखा गारवा होता आणि संगणकांच्या पंख्यांचा एकसुरी आवाज. दुसऱ्या वर्षाची मुलं, कुणी खुर्ची गोल फिरवतंय, कुणी शेजाऱ्याच्या पडद्यात डोकं घालून बसलंय. आज तापलेल्या पत्र्याचं गणित होतं. ती ते वर्षानुवर्षं शिकवत आली होती आणि तिला ते मनापासून आवडायचं. एक चौकोनी पत्रा. त्याची एक कड शंभर अंशांवर धरलेली, उरलेल्या तिन्ही कडा बर्फात. आता पत्र्याच्या आत कुठं किती ऊब असेल? पत्र्यावर जाळी आखायची आणि जाळीच्या प्रत्येक ठिपक्याला सांगायचं, बाबा रे, तुझे चार शेजारी बघ, त्यांची सरासरी काढ आणि तेवढा हो. सगळ्या ठिपक्यांनी हे एकदा केलं की एक फेरी झाली. मग पुन्हा तेच. शेजारी बदललेले असतात, म्हणून प्रत्येकाला पुन्हा बदलावं लागतं. अशा फेऱ्या होता होता ऊब एका कडेकडून आत झिरपत जाते आणि शेवटी सगळे आपापल्या जागी स्थिरावतात. कुणी कुणावर हुकूम चालवत नाही, कुणाला सगळा पत्रा दिसत नाही, प्रत्येकजण फक्त शेजाऱ्याकडे बघतो, आणि तरी सगळ्यांचं मिळून बरोबर उत्तर येतं. ह्यात तिला नेहमी काहीतरी देवाचं वाटत आलं होतं. वर्गात ती तसं म्हणत नसे.

आणि थांबायचं कधी? हा प्रश्न ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. संगणकाला कंटाळा येत नाही, तो फिरतच राहील. त्याला थांबण्याची अट घालून द्यावी लागते. अट सोपी. मागच्या फेरीतला पत्रा आणि ह्या फेरीतला पत्रा ताडून बघायचे. कुठल्याच ठिपक्यात म्हणण्यासारखा फरक पडत नसेल तर झालं, पोचलो. थांबा. आजही तिनं खडूनं लिहिलं, 'मागची फेरी, ही फेरी, फरक नगण्य – थांबा', आणि 'नगण्य' ह्या शब्दाखाली रेघ ओढताना तिचा हात तिथंच राहिला. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मुलांना वाटलं असेल, मॅडम विचार करतायत. ती विचार करत नव्हती. किल्लीवाल्याच्या त्या तिरक्या मानेकडे बघत होती.

कॉलेजच्या मागं पूर्वी मोकळं मैदान होतं. आता तिथं वाहनतळ आहे. ती नुकती नोकरीला लागली तेव्हा त्या मैदानावर रस्त्याची आखणी चालली होती. तीन पायांवर दुर्बीण ठेवून एक उंच माणूस वाकून बघायचा आणि मैदानाच्या पार पलीकडं एक मदतनीस आकड्यांची उंच पट्टी धरून उभा असायचा. दुर्बिणीतला माणूस ओरडायचा, "डावीकडे घे. अजून. अजून. मागं ये. थांब." तो 'थांब' असा यायचा की वर्गातल्या मुलांच्या पेन्सिली थांबायच्या. तिनं एकदा शिपायाकरवी निरोप पाठवला होता, की वर्ग चालू आहे, जरा हळू बोला. शिपाई परत येऊन म्हणाला, "ते म्हणाले, मॅडमना सांगा, इथून तिथं आवाज पोचवायचा तर हळू कसं बोलणार? मॅडमनी एकदा येऊन पट्टी धरून दाखवावी." ती गेली नव्हती. पण दुसऱ्या दिवशीपासून खिडकी लावली नाही. पुढं तोच तिचा नवरा झाला, आणि मोजणीदार म्हणून त्याची सगळी नोकरी अशीच गेली, माळांवर, ओढ्यांकाठी, अर्धवट बांधलेल्या पुलांवर, वाऱ्याच्या वर आवाज चढवत. घरी यायचा तेव्हा तो आवाज अंगावर तसाच असे. भाजी आणायला सांगितली तर "आणतो" हा शब्द शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाई. लेक लहानपणी म्हणायची, "बाबा घरात ओरडत नाहीत, बाबा बाहेरचंच आत घेऊन येतात." दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. आणि मग घर शांत होत गेलं.

होत गेलं. एकदम झालं नाही. म्हणून तर.

"मॅडम, एक शंका होती."

मागच्या बाकावरून कुणीतरी कण्हल्यासारखं केलं. वर्गात ह्या मुलीला शंकाताई म्हणत. बारीक चणीची, केस घट्ट बांधणारी, शंका विचारताना खुर्चीवरून अर्धी उठणारी.

"माझं उत्तर बिघडलंय," शंकाताई म्हणाली. "म्हणजे आधी चांगलं आलं होतं. मग मी चांगलं करायला गेले तर बिघडलं."

"मॅडम, हिला तेच सांगत होतो," शेजारचा मुलगा म्हणाला. "आलं होतं ना उत्तर? मग गप सबमिट करायचं. जास्तीचं शहाणपण नडतं."

"तू माझंच बघून केलंयस," शंकाताई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या फाइलीत अजून माझं नाव आहे."

वर्गातलं हसणं विरेपर्यंत ती फळ्यापासून निघून मुलीच्या खुर्चीशी जाऊन वाकली. पडद्यावर दोन पत्रे होते, शेजारी शेजारी. पहिला, तिनं शिकवल्याबरहुकूम, ठसठशीत जाळीचा. लाल कडेपासून ऊब आत उतरत गेलेली, मधोमध पंचवीसच्या आसपास. दुसऱ्यात मुलीनं जाळी कितीतरी बारीक केली होती. जास्त ठिपके, म्हणजे जास्त अचूक उत्तर, असा तिचा साधा हिशेब. आणि ह्या दुसऱ्या पत्र्यात लाल कडेपाशी नुसती एक पट्टी तापलेली होती, आणि बाकी सगळा पत्रा निळा, गार. मधोमध एक अंशसुद्धा नाही.

"मध्यावर पंचवीसच यायला हवेत ना मॅडम? चारी कडा तापवल्या तर अख्खा पत्रा शंभर. मधला ठिपका चौघींना सारखाच जवळ. म्हणून एकीच्या वाट्याला चौथाई. मग हे असं कसं? प्रोग्रॅम तर म्हणतो, झालं. फरक नगण्य, थांबलो."

तिनं पडद्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. खरं म्हणजे तिला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण वर्गात ते कधी येऊन उभं राहिलं नव्हतं, कारण जाळी नेहमी ठसठशीतच असायची. जुन्या संगणकांना तेवढीच झेपायची आणि नंतर ती सवयच झाली. जाळी बारीक केली की शेजारी इतके जवळ येतात, इतके एकमेकांसारखे होतात, की एका फेरीत कुणालाच फारसं बदलावं लागत नाही. ऊब सरकत असते, पण कणाकणानं. मागची फेरी आणि ही फेरी ताडली तर फरक दिसतच नाही.

"बदल होत होता," ती म्हणाली.

"हो ना. मी छापून बघितला. थांबलेला नव्हताच तो मॅडम. फक्त फार हळू होता. ते थांबलं नव्हतं, आपणच थांबलो."

मुलीनं हे अगदी सहज म्हटलं, बिघाड सापडल्याच्या समाधानात. तिनं मुलीच्या खुर्चीची पाठ धरली. तिच्या तळव्याला खुर्चीचं प्लॅस्टिक गार लागलं.

"मग काय करायचं?" मुलीनं विचारलं. शेजारच्या मुलानंही आता मान पुढं केली होती.

"शेजारच्या फेरीशी ताडायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता आणि सगळा वर्ग सवयीनं पुढं झुकला होता. "पुष्कळ मागच्या फेरीशी ताडून बघायचं. शंभर फेऱ्यांपूर्वीचा पत्रा काढ आणि आजच्याशेजारी ठेव. मग दिसेल."

"पण तो तर आपण ठेवतच नाही. प्रत्येक फेरीत जुना पुसून टाकतो."

"हो," ती म्हणाली. "पुसूनच टाकतो."

परतताना ती बसमध्ये बसली नाही, तीन थांबे चालत गेली. तिला एका जागी बसवेना. चौकातल्या पाण्याच्या नळाशी दोन बायका भांडत होत्या, त्यांचं भांडण तिला रस्त्याच्या ह्या बाजूला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. फळवाल्याचं ओरडणं ऐकू आलं. एका घरातून कुणीतरी कुणालातरी अंघोळीला लाव म्हणत होतं, तेही ऐकू आलं. सगळ्या जगाचे आवाज आपापल्या जागी होते. तिनं घरात बंद केलेली, बदललेली एकेक गोष्ट आठवायला सुरुवात केली आणि आठवता आठवता तिची चाल वाढत गेली. जेवताना रेडिओ लावायची, तो बंद केला. का? आवाज नको वाटतो म्हणून. स्वयंपाकघरातला पंखा बंद ठेवते. का? शेगडी विझते म्हणून. पण ती पूर्वीही विझायची. जेवायला समोरासमोर बसायचे, आता ती शेजारी बसते. का? गुडघ्याला टेबलाचा पाय लागतो म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. प्रत्येक वेळी ती फक्त एवढंसं सरकली होती. आणि दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तो बोलायच्या आधी ती बोलत होती. लोकांना वाटत असेल, काय ही बाई, नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. तिला हसू आलं. हळू मॅडम आणि नवऱ्याला तोंड उघडू देत नाही.

पण सगळ्यात वाईट पुढंच होतं. जिना चढताना ते तिला गाठून उभं राहिलं आणि ती पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून थांबली. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती हात जोडून दोन वाक्यं म्हणायची, मनातल्या मनात. मागायचं काही नाही, फक्त मिळालेल्याबद्दल सांगायचं, असा तिचा रिवाज. आणि गेलं वर्षभर, वर्षापेक्षाही जास्त असेल, ती म्हणत आली होती, देवा, तू ह्या घरात शांतता दिलीस. इतक्या वर्षांच्या नेमाचं फळ दिलंस. हे सुद्धा आता शांत झालेत.

त्याचा आवाज जात होता आणि ती त्याबद्दल आभार मानत होती. रोज. न चुकता.

कुणावर रागवावं हे तिला कळेना. देवावर नाही. तो बिचारा ऐकत राहिला असेल आणि त्याला काय वाटलं असेल. आणि आता वर जाऊन काय सांगायचं? अहो, तुमचा आवाज गेलाय? एकदा म्हटलं की ते झालंच. आज रात्रीपर्यंत नाही म्हटलं तर आज कालच्यासारखाच जाईल, फरक नगण्य, आणि उद्या आजच्यासारखा. न म्हणणं किती सोपं होतं. नुसतं एवढंसं सरकायचं. ती कठड्याचा गुळगुळीत लोखंडी गज धरून उभी होती आणि तिला वाटलं, मला हे येतं. सगळ्यात चांगलं मला हेच येतं.

घरात नवरा दाराच्या नव्या किल्ल्या लावून बघत होता. दार उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. तिला बघून ओठ हलवले. किल्ली छान बसली म्हणाला असेल. तिनं पर्स खुंटीला लावली. कपाटामागं भिंतीला टेकवून ठेवलेली त्याची जुनी पट्टी होती, निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून मागून आणलेली, घडीची, पांढऱ्यावर काळे-लाल आकडे असलेली. ती तिनं ओढून काढली. तिच्यावरची धूळ खाली पडली.

"हे काय?" एवढं तिला जवळून ऐकू आलं.

"गच्चीवर चला. मला एक मोजायचंय."

"काय मोजायचंय?"

"मोजल्यावर सांगते."

त्याचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांत कुणी त्याला काही मोजायला सांगितलं नव्हतं. तो चपला घालून तिच्याआधी दारात उभा राहिला, पट्टीचं एक टोक त्यानं धरलं आणि दुसरं तिनं, आणि दोघं जिना चढून वर गेले. ऊन उतरणीला लागलं होतं. गच्ची लांबच लांब होती, ह्या टोकाला जिन्याचं दार आणि त्या टोकाला पाण्याच्या टाक्या. वाळत घातलेल्या चादरी कुणीतरी मघाशीच काढून नेल्या होत्या, मोकळ्या दोऱ्या वाऱ्यानं हलत होत्या. तो जिन्यापाशी उभा राहिला. दुर्बीण नव्हती, म्हणून त्यानं हाताची मूठ नळीसारखी करून डोळ्याला लावली.

"मी मागं मागं जाते," ती म्हणाली. "आकडे वाचता येईनासे झाले की मला थांब म्हणा."

"डोळ्यांची परीक्षा होय?" तो हसला. "दुर्बिणीवर आयुष्य गेलंय माझं. टाकीपर्यंत वाचीन."

तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं अजून बोलता येत नव्हतं. पट्टी तिनं उलगडून छातीशी सरळ उभी धरली आणि पाठ टाक्यांकडे करून एकेक पाऊल मागं सरकायला लागली. त्याच्याकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. त्याचे ओठ तिला पाठ होते. बघितलं की ऐकू आल्यासारखं होणार. तिनं नजर पट्टीवरच्या आकड्यांवर ठेवली. वारा होता, पण फार नाही. खालच्या अंगणात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. एक विमान गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत ती जागीच उभी राहिली. मग पुन्हा मागं. ती मैदानावर कधी गेली नव्हती. मॅडमनी एकदा येऊन पट्टी धरून दाखवावी. आता धरली होती. हा आवाज कसा यायचा, तिनं आठवलं. डावीकडे घे, अजून, अजून, खिडकीची काच थरथरवत यायचा, आणि ती खडू हातात धरून मुलांना पाठ करून उभी राहायची. देवा, आता येऊ दे. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. थांब म्हणू दे त्यांना, आणि मला ऐकू येऊ दे. आकडे तिच्या डोळ्यांसमोर एकमेकांत मिसळायला लागले. ती मागं जात राहिली. सायकलची घंटी ऐकू येत होती. दोऱ्यांचा सळसळाट ऐकू येत होता. तिची स्वतःची चप्पल ऐकू येत होती.

तिची पाठ टाकीला लागली.

टाकी उन्हानं तापलेली होती. पातळातून ती ऊब पाठभर पसरली. तिनं वर बघितलं तर तो गच्चीच्या मध्यावर आला होता, हात वर करून, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. जीव तोडून ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. नुसता वारा. मग तो आणखी जवळ आला आणि शब्द यायला लागले.

"...कधीचा थांब थांब म्हणतोय. टाकीवर आपटली असतीस. अगं, लक्ष कुठं आहे?" तिच्या हातातली पट्टी त्यानं घेतली. धापा टाकत होता. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सांभाळून, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं म्हणाला, "तुला बोलणार नव्हतो. पण आता सांगायलाच हवं. तुला ऐकू कमी येतं हल्ली."

तिनं टाकीला टेकलेली पाठ सोडवली.

"बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "अगदी जवळ आल्याशिवाय तुला कळत नाही मी काय म्हणतो. शेजारी येऊन बसतेस. रेडिओ तर बंदच केलास. म्हटलं वाईट वाटेल तुला, तुझं सगळं शिकवण्यावर आहे, मुलं काही विचारतील नि तुला ऐकू येणार नाही. म्हणून मीच बोलायचं कमी केलं. उगीच तुला सारखं 'काय? काय?' म्हणायला लागायला नको."

म्हणजे तोही सरकत होता. एवढंएवढंसं, तिच्या बाजूला, तिच्यासाठी. दोघं दोन्हीकडून.

"सायकलची घंटी ऐकू येतेय मला," ती म्हणाली. "खाली. आत्ता. तिसऱ्या जिन्यापाशी आहे ती."

त्यानं कान दिला. घंटी वाजत होती.

"किल्लीवाल्याला तुम्ही काय म्हणालात ते कळलं नाही. त्याचे कान तरणे आहेत. लेकीला फोनवर कळत नाही, ती मला म्हणाली, मी फोनवर ढकललं." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "अहो, माझे कान नाहीत."

तो अंगठ्यानं पट्टीवरचा एक लाल आकडा पुसत राहिला, तो पुसला जाणारा नव्हता.

"पण माझा आवाज मला तेवढाच ऐकू येतो," तो म्हणाला. "आतून. पूर्वीइतकाच. आत्तासुद्धा मी ओरडलो ना? मैदानावर ओरडायचो तसाच ओरडलो मी."

"हो," ती म्हणाली. "दिसलं मला."

टाकीत पाणी चढत असल्याचा आवाज येत होता. ती भरेपर्यंत दोघं तिथंच उभे होते. मग त्यानं पट्टीची घडी केली. घडीचा खटका त्याच्या बोटांना लगेच सापडला नाही, आणि तिचा हात पुढं जाऊ लागला, तो तिनं मागं घेतला. खटका लागला.

"डॉक्टर काय, ते आपल्या दोघांनाही बघतील," तो म्हणाला. "एकाच फेरीत. तुझे कान अन् माझा घसा. संध्याकाळची वेळ घे. सकाळी तू बोलत नाहीस."

"सकाळचीच घेते," ती म्हणाली. "मी बोलत नाही म्हणूनच. तुम्हालाच सांगावं लागेल."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मोजणीदार दुर्बिणीतून बघतो तसा, एक डोळा बारीक करून. मग मान हलवली.

उतरताना ती पुढं होती आणि तो मागं, पट्टीचं एक एक टोक दोघांच्या हातात. जिन्यात अंधारून आलं होतं. मधल्या वळणावर तो मागून काहीतरी बोलला. आवाजाचा नुसता भास झाला तिला, भिंतीला कुणीतरी हात घासल्यासारखा. काय म्हणाला असेल ते तिला कळलं होतं. पायरी जपून, किंवा दिवा लाव, दोन्हीपैकी एक. तिचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला. तिथंच राहिला. ती वळली नाही, वाकली नाही, अंधारातच एका पायरीवर उभी राहिली आणि तिच्या आयुष्यात ती कधी बोलली नव्हती तेवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"ऐकू आलं नाही."